भिंत साहेबांची, घाम आमचा

वडखळपासून अलिबागपर्यंत येताना एकदा फ्लेक्स मोजा. वाढदिवस, निवड, अभिनंदन, परत वाढदिवस. वर साहेबांचा भलामोठा चेहरा, खाली तिकिटाएवढे शुभेच्छुक. आता त्यात शोधा, बांधाला खांड गेली की रात्री चिखलात उतरणारा खारेपाटातला शेतकरी, म्हावऱ्याची पाटी घेऊन पहाटे निघणारी कोळीण, पेणला गणपती रंगवणारी पोरगी. सापडले? कोळीण तेवढी सापडेल, रिसॉर्टच्या भिंतीवर. तिथंही बिचारी नाचतच असते. तिला मासे कापताना, गिऱ्हाइकाशी भांडताना, कंबर धरून बसलेली कुणी काढत नाही.

लगेच कुणीतरी म्हणणार, "पत्रकार, चित्रांचं काय घेऊन बसलात? खड्ड्यांवर लिहा." लिहितो की! पण एक सांगतो. जो चित्रात नसतो, तो हळूहळू हिशोबातूनही जातो. जेट्टी, हायवे, प्रकल्प यांचे नकाशे होतात तेव्हा कागदावर समुद्र दिसतो, जमीन दिसते. माणूस दिसत नाही.

मेक्सिकोचं उदाहरण घ्या. तिथं होसे ग्वादालूपे पोसादा नावाचा खोदकाम करणारा होता (१८५२ ते १९१३). छापखान्यात नोकरी. त्याची चित्रं स्वस्त कागदावर छापून रस्त्यावर विकली जायची. साहेब असो की हमाल, सगळ्यांचे त्यानं सांगाडे करून टाकले. मेल्यावर सगळे सारखे! पुढं १९३७ साली लिओपोल्दो मेंदेस आणि त्याच्या मित्रांनी एकत्र येऊन कार्यशाळा काढली. लिनोलियमवर शेतकरी, कामगार, संप कोरायचे आणि पोस्टर छापून भिंतीवर लावायचे. एकाच्या दिवाणखान्यात नाही, हजारोंच्या डोळ्यांसमोर.

आपल्याकडे छपाई नव्हती का? घाट चढून गेलं की मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना तिथं होता. त्या छापांनी लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचवल्या. देव पोचले, चांगलंच झालं. राबणारा माणूस मात्र राहून गेला.

तो कोरला चित्तप्रसादनं. बंगाली माणूस, आयुष्यातली तीसेक वर्षं मुंबईत, अंधेरीला काढली. बंगालच्या दुष्काळावरचं त्याचं १९४३ चं पुस्तक इंग्रजांनी जप्त करून जाळलं. चित्रांना काय घाबरायचं, असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. नंतर त्यानं लिनोकटमध्ये कामाला जुंपलेली लहान पोरं कोरली. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

आणि आपला स्वतःचा इतिहास? चरीचा संप. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला, १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटलांच्या मागं २५ गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून ठरवलं. उपासमार सोसली, पण नांगर धरला नाही. १९३७ ला बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं. डोळे मिटा आणि सांगा, या संपाचं कुठलं चित्र समोर येतं? पुढाऱ्याचा फोटो येईल. पडीक शेताच्या बांधावर पोर कडेवर घेऊन उभी असलेली बाई येणार नाही. खरा संप तर तिनंच चालवला.

सरकारकडं मागू नका, ते पुतळा देईल. आपणच करू. लिनोचा तुकडा, कोरणी, शाई, रोलर. प्रेस नसला तर चमच्याच्या पाठीनं घासूनही छाप उमटतो. शाळांनी २७ ऑक्टोबरला, दिवाळीची सुट्टी असेल तर आधीच्या आठवड्यात, पोरांना आपल्या आई-बापाचं काम कोरायला लावावं. शंभर छाप काढा. एसटी स्टँड, मासळी बाजार, ग्रामपंचायत, दिसेल तिथं परवानगी घेऊन लावा. चित्रकला शिक्षकांनो, निसर्गदृश्यातली दोन नारळाची झाडं एक वर्ष राहू द्या बाजूला.

आणि शुभेच्छुकांनो, यंदा एका फ्लेक्सचे पैसे त्या शाईला द्या. साहेब काही रागावणार नाहीत. रागावले, तर साहेब कसले आहेत तेही कळेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी फ्लेक्स मोजून या.