ज्वारी द्रव आहे का?

आमची तिसरी-चौथी एकत्र बसते. "द्रव भांड्याचा आकार घेतो," असे सगळ्यांनी पाठ केले. धाकटा भाऊ म्हणाला, "मग ज्वारीपण द्रवच!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तेव्हापासून तो हात वर करीत नाही.

घरी मी त्याला एकच दाणा दिला. वाटीत टाकला, तांब्यात टाकला. दाणा तसाच राहिला. म्हणून ज्वारी स्थायू. खोबरेल मात्र थंडीत थिजते, उन्हात पातळ होते. पेला पालथा करून बादलीत सरळ दाबा, पाण्याने भरत नाही; आत हवा असते ना!

पालकांनो, पाठांतराआधी हे घरी करून दाखवा. मित्रांनो, चुकणाऱ्याला हसू नका. भावाने विचारले म्हणूनच मलाही हे नीट कळले.

— इयत्ता चौथी