सुरणाच्या नावामागची माणसं

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात सुरण मागायचा तर ‘सुवर्णगड्डे’ म्हणायचं. मातीने माखलेला बसका कंद, वर मधोमध कोंबाचा खळगा. काप काढला की आत फिकट केशरी गर. चिरताना हाताला तेल लावायचं, शिजवताना चिंच घालायची, कारण गरातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्वचेत आणि घशात टोचतात. हे शहाणपण स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या कंदाचं आजचं शास्त्रीय नाव ‘ॲमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस’. त्यापुढे दोन आडनावं जोडतात, डेन्श्टेट आणि निकोलसन. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने भारतात राहून सुरण पाहिला, त्याचं चित्र काढवलं, वर्णन लिहिलं. ते छापून आलं त्याच्या मृत्यूनंतर, १८२०च्या सुमारास. तोवर जर्मनीत डेन्श्टेटने १८१८ साली या वनस्पतीला नाव देऊन टाकलं होतं. आधी छापलेलं नाव टिकतं, हा वनस्पतिशास्त्राचा नियम. त्यानुसार १९७७ मध्ये अमेरिकेच्या डॅन निकोलसनने डेन्श्टेटचा शब्द कायम केला आणि रॉक्सबर्गचा मागे पडला.

मात्र डेन्श्टेटपुढे झाड नव्हतं, ग्रंथ होता: ‘होर्तुस मलबारिकुस’. कोचीचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान रीड याने तयार करवलेले बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यातली माहिती आली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याकडून आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांकडून. या तिघांची १६७५ सालची साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत, कोकणीत छापलेली आहे. नागरीच्या छपाईचा इतका जुना नमुना क्वचितच सापडतो, आणि आपल्याकडे तो किती जणांना ठाऊक आहे?



नामकरणाचा नियम बदलावा, असं या स्तंभाचं म्हणणं नाही. नियम नसता तर एका सुरणाची पन्नास नावं झाली असती. पण डेन्श्टेटचं नाव शास्त्रात कायम राहतं आणि ज्यांच्या ज्ञानावर तो ग्रंथ उभा राहिला त्यांचा त्या नावात कुठे उल्लेख नसतो, हा अन्याय आहे. के. एस. मणिलाल यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे २००३ पासून हा ग्रंथ इंग्रजीत वाचता येतो. वनस्पतिउद्यानांनी आणि पाठ्यपुस्तक मंडळांनी तो उघडावा, आणि सुरणाच्या पाटीवर इट्टी अच्युतन, रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट ही चार नावं लिहावीत.