गणवेशातला धर्म आणि हुकमाचा मान

इस्रायलच्या लष्कराचा कणा बदलला आहे. मोशे दायान, यित्झाक राबिन यांच्या पिढीचे बहुतेक सेनानी देवधर्मापासून लांब राहणाऱ्या, समाजवादी विचारांच्या घरांतून आणि किबुत्झ नावाच्या सामूहिक वस्त्यांतून आले. आज पायदळाच्या तरुण अधिकाऱ्यांत विणलेली किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, घालणाऱ्या धार्मिकांचा मोठा भरणा आहे. 1990 मध्ये पायदळाच्या अधिकारी प्रशिक्षणातून बाहेर पडणाऱ्यांत ते जेमतेम अडीच टक्के होते. 2008 पर्यंत ते पाव हिश्शावर गेले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. काळ्या टोप्यांचे कट्टर सनातनी हरेदी वेगळे आणि विणलेल्या किप्पाचे राष्ट्रवादी धार्मिक वेगळे. धर्माचं अध्ययन हीच सेवा, असं मानणाऱ्या हरेदींना पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी 1948 मध्ये लष्करी सेवेतून सूट दिली, ती सुमारे 400 विद्यार्थ्यांपुरती. 2024 पर्यंत हा आकडा 60 हजारांवर गेला आणि त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, कायद्याचा आधार नसलेली ही सूट चालणार नाही. राष्ट्रवादी धार्मिकांची शिकवण याच्या उलट. राज्य हेच त्यांना दैवी योजनेचं पाऊल वाटतं, म्हणून त्याचं सैन्यही पवित्र.

या श्रद्धेला त्यांनी संस्थांचं बळ दिलं. ‘हेस्देर’ येशिवांमध्ये, म्हणजे धर्मपाठशाळांमध्ये, धर्मशिक्षण आणि लष्करी सेवा यांची पाच वर्षांत सांगड घातली जाते. 1988 मध्ये धर्मगुरू एली सादान आणि यिगाल लेविन्स्टाइन यांनी वेस्ट बँकेतल्या एली या ज्यू वसाहतीत सेनापूर्व प्रबोधिनी काढली. भरतीआधी तिथे मुलांचं मन आणि शरीर दोन्ही घडवलं जातं. वरची पदंही त्यांच्याकडे आली. योराम कोहेन 2011 मध्ये ‘शिन बेत’ या अंतर्गत गुप्तचर संस्थेचे किप्पा घालणारे पहिले प्रमुख झाले. 2021 मध्ये नफ्ताली बेनेट हे किप्पा घालणारे पहिले पंतप्रधान ठरले.

ही वाट त्यांनी कष्टाने चालली आहे. 7 ऑक्टोबर 2023 नंतरच्या युद्धात या समाजाने आपली मुलं मोठ्या संख्येने गमावली. जो समाज आघाडीवर रक्त सांडतो, त्याचा नेतृत्वावर हक्क आहेच, आणि तो धार्मिक आहे म्हणून नाकारणं अन्यायाचं ठरेल.

माझी चिंता हुकमाची आहे. 2005 मध्ये गाझातल्या ज्यू वसाहती रिकाम्या करताना काही वजनदार धर्मगुरूंनी सैनिकांना आदेश नाकारायला सांगितलं. फार थोड्यांनी ते ऐकलं, शिस्त टिकली. पण 2014 मध्ये गिवाती ब्रिगेडचे प्रमुख ओफेर विंटर यांनी सैनिकांना लिहिलेल्या पत्रात लढाईला इस्रायलच्या देवाची निंदा करणाऱ्यांविरुद्धच्या लढ्याचं रूप दिलं. 2017 मध्ये लेविन्स्टाइन यांनी महिला सैनिकांची जाहीर हेटाळणी केली, तेव्हा संरक्षणमंत्र्यांनी त्यांचा राजीनामा मागितला. त्याआधी 1995 मध्ये, पंतप्रधान असलेल्या राबिन यांची हत्या करणारा तरुण हेस्देर येशिवातच शिकला होता. एका खुन्यावरून समाजाला दोषी ठरवणं चूक आहे. पण भूमी देवाने दिली आहे आणि ती सोडणारा द्रोही आहे, ही शिकवण कुठवर नेऊ शकते हे त्या रात्री दिसलं.

उद्या वेस्ट बँकेतली एखादी वसाहत हटवायची वेळ आली, किंवा पॅलेस्टिनी गावावर चालून जाणाऱ्या वसाहतवाल्यांना रोखायचं झालं, तर ते काम याच अधिकाऱ्यांच्या हाती असेल. त्यांच्यातले अनेक अशाच वसाहतींत वाढले आहेत. त्या क्षणी त्यांनी सरकारचं ऐकायचं की गुरूचं, हे आधीच ठरलेलं असायला हवं.

म्हणून इस्रायलच्या सरकारने दोन गोष्टी कराव्यात. हरेदींना न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सैन्यात आणावं, म्हणजे ओझं सगळ्यांवर पडेल. आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रबोधिन्यांत आदेशाचा अधिकार फक्त निवडून आलेल्या सरकारचा, हे स्पष्ट शिकवावं. जी संस्था हे शिकवणार नाही तिचं अनुदान थांबवावं. सैनिकाने प्रार्थना जरूर करावी. त्याच्या बंदुकीवर मात्र धर्मगुरूचा अधिकार असता कामा नये.