दादाची 'एकच क्वार्टर'

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, खानापूर तालुक्यातला. गोव्याच्या गाडीवर ड्रायव्हर. रोज रात्री जेवायच्या आधी एक क्वार्टर. विचारलं तर म्हणतो, "एकच घेतो की रे. नाही घेतली तर झोप लागत नाही, जीव घाबरा होतो."

दिवाळीत त्याच्या मोबाईलवर दारू कमी करायचं एक अ‍ॅप मीच टाकून दिलं. मराठीत होतं म्हणून खूश होतो. त्यातला प्रश्न : 'आपण एका दिवशी किती मद्ययुक्त पेये घेता?' (असं बोलणारा माणूस आमच्या तालुक्यात मी तरी बघितलेला नाही.) दादानं 'एक किंवा दोन' दाबलं. अ‍ॅप म्हणालं, धोका कमी.

आता हिशोब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. एक क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक! दादा खोटं बोलला नव्हता. माप त्याचं नव्हतं.

पुढे 'चिंताग्रस्तता जाणवते का?' दादा हसला, "चिंता कसली, पोरीचं लग्न झालंय की." मग मी विचारलं, पहाटे छातीत धडधडतंय काय, हात थरथरतात काय? गप्प बसला. रोज पिणाऱ्याला दारू उतरताना अशी धडधड होते, ती दाबायला परत दारू. हे त्याला आजवर कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. आणि जास्त पिणाऱ्यानं एका झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच सोडावी, हेही पहिल्याच पानावर हवं.

सीमाभागात आपण मराठी कागदासाठी भांडतो, भांडायलाच पाहिजे. पण पुस्तकी मराठीत भाषांतर झालं की आपलंही समाधान होतं, ते मला पटत नाही. शेजारच्या गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ दारू पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या १०० पैकी ३६ जणांचं पिणं आटोक्यात होतं, नेहमीच्याच उपचारात २६ जणांचं. चमत्कार नाही, पण दहा घरं तरी सावरतात. मोबाईलवाल्यांनी आधी अशा माणसांजवळ बसून शब्द गोळा करावेत : नाइन्टी, क्वार्टर, धडधड, घोर.

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास. बेळगाव, खानापूर, निपाणीतून लावून बघा. आपल्यासारखं बोलणारं माणूस फोनवर आलं की नाही, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. मागणी करताना तीच यादी पुढं ठेवू.

दादा गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात येऊन आला. सध्या नाइन्टीवर आहे.