फराळ कोणत्या रकान्यात?

दिवाळीआधीच्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतल्या मराठी स्वयंपाकघरांत भाजणी भाजली जाते, अनारशाच्या तांदळाचे पाणी रोज बदलले जाते, तुटणाऱ्या चकलीचे पीठ पुन्हा मळले जाते. ह्याच चकल्या बाईने नवऱ्याच्या दुकानासाठी तळल्या, तर पैसा तिच्या हाती पडो न पडो, सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ती कामकरी ठरते. घरच्या डब्यात भरल्या, तर ‘घरकाम’ या रकान्यात जाऊन मोजणीतून गळते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळताना हीच गळती पकडली. तिथल्या जुन्या जनगणनेत विवाहितेच्या व्यवसायाच्या जागी बहुधा नुसते ‘पत्नी’ लिहिलेले असे, मग ती शेतात राबो की दुकानात.

आपल्याकडे १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. पेढे वाटण्याआधी घड्याळ पाहावे. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात २०१९ साली रोज २९९ मिनिटे जात, २०२४ मध्ये २८९. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक. त्यांची मिनिटे ९७ वरून ८८ वर आली. म्हणजे बाहेरचे काम वाढले आणि घरातले जवळपास तेवढेच राहिले. स्त्रियांच्या प्रगतीचे माप घरातल्या तासांच्या वाटणीत शोधायला हवे, नोकरदारांच्या संख्येत नव्हे, असे आमचे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, घरकाम मायेने होते, त्याला घड्याळ कसले लावता? माया दोघांनाही असते. मिनिटे मात्र एकीच्याच वाट्याला येतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: नवरा जास्त मिळवतो, म्हणून बायकोने घर पाहणे हिशेबाला धरून आहे. पण तो जास्त का मिळवतो? गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या एमबीए झालेल्यांची मिळकत तपासली. सुरुवातीला स्त्री-पुरुष जवळपास बरोबरीत होते. दहा-पंधरा वर्षांत दरी पडली ती मुख्यतः मूल झाल्यावर घटलेल्या तासांमुळे आणि नोकरीत पडलेल्या खंडामुळे. रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्यालाच भरघोस पगार देणाऱ्या नोकऱ्यांना त्या हावरट म्हणतात. एकाने फोन उचलायचा, तर दुसरीने मुलाचा ताप पाहायचा. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटीतल्या जोडप्यांना हे उलगडून सांगायला नको.

मध्य प्रदेशात २०२३ पासून ‘लाडली बहना’ योजनेचे पैसे दरमहा बायकांच्या खात्यात येतात. चांगलेच आहे, पण त्यांनी भांडी घासली जात नाहीत. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पण खर्च मालकाच्या माथी मारला, त्यामुळे बाईला कामावर घेतानाच हात आखडण्याचे निमित्त मिळाले. केंद्र सरकारी नोकर बापाला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही. आधी तो व्हावा, आणि दोन्ही रजांचा भार सरकारी तिजोरीने उचलावा.