जेथलें कासव तेथेंच बरें

“कासव तें कासव, मग तें गुजराथचें काय आणि तामिळनाडूचें काय!” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. चोरट्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेलीं तारा कासवें जवळच्या रानांत सोडलीं कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी समजूत त्यांतूनच उपजते. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे, आणि तिचें उत्तर त्या प्राण्याच्या पाठीवरच आहे.

तारा कासव, ज्यास वर्तमानपत्रें ‘स्टार कासव’ म्हणतात, तें तीन निरनिराळ्या प्रदेशांत राहतें. वायव्येस राजस्थान, गुजराथ व लगतचा पाकिस्तानचा भाग. दक्षिणेस आंध्र, कर्नाटक व तामिळनाडू. आणि समुद्रापलीकडे श्रीलंका. काळसर घुमटाकार पाठीवर पिवळे किरण फांकलेले असणें हें सर्वांचें लक्षण आहे. तथापि वायव्येकडील व लंकेंतील कासवें सामान्यतः मोठीं वाढतात, दक्षिणेकडील लहान राहतात. वायव्येकडील रंग कांहींसा मंद, तर दक्षिणेकडील किरण ठसठशीत. शास्त्रज्ञ या सर्वांची गणना एकाच जातींत करितात हें खरें; परंतु मराठी भाषा एक म्हणून कोंकणची बोली आणि वऱ्हाडची बोली एक होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

मात्र नुसती पाठ पाहून कासवाचें गांव सांगूं जाणें हेंही धाडसच होय. मादी नराहून बरीच मोठी असते. शिवाय पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदां बेढब उंचवटे येतात. कोरडी हवा व अयोग्य आहार हीं त्याचीं कारणें होत. रानांतल्या कांहीं कासवांसही असे उंचवटे असतात. तेव्हां प्रदेशाची खूण कोणती आणि कैदेची कोणती, हें ठरविणें कठीण पडतें. बंदिवास प्राण्याचें स्वातंत्र्य तर हिरावतोच, पण त्याची ओळखही पुसून टाकतो. म्हणूनच सिंगापुराहून परत आलेल्या कासवांचें मूळ शोधतांना शास्त्रज्ञांस त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करावी लागली. तें संशोधन २००६ सालीं प्रसिद्ध झालें.

अशा परीक्षेस वेळ व पैसा लागतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण परक्या रानांत सोडलेलें कासव तेथील कासवांस रोग देऊं शकतें, आणि त्यांच्याशीं संकर झाल्यास युगायुगांत घडलेलें वेगळेपण कायमचें नाहींसें होतें. तें मग कोणत्याही द्रव्यानें परत मिळणार नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे. घरांत कासव ठेवल्यानें लक्ष्मी नांदते, या समजुतीस थारा देऊं नये. विकत घेणारा आहे म्हणूनच चोरणारा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें या प्राण्यास पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें आहे. तेव्हां तें बाळगणें हा गुन्हाच होय.

आणि विद्यार्थीमित्रहो, असें कासव दृष्टीस पडल्यास दयाबुद्धीनें तें विहिरींत वा तळ्यांत सोडूं नका. तें जमिनीवरचें आहे, पाण्यांत बुडून मरेल. वनखात्यास कळवा, आणि तें कोठें सांपडलें हें नेमकें सांगा. त्या एका उत्तरावरच त्याचें घर सांपडणें पुष्कळदां अवलंबून असतें.