वाटा उद्याच्या : हिशेब इथला, नोकरी परदेशातली



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा. मार्क चांगले असतील तर सायन्स, नाहीतर कॉमर्स! आणि परदेशात जायचं असेल तर डॉक्टर किंवा इंजिनिअरच व्हायला हवं. या दोन्ही समजुती आज जरा तपासून पाहू या.

हिशेब सगळ्या जगाला लागतो. मानवतच्या बाजारातला कापसाचा अडत्या खतावणीत ‘जमा’ आणि ‘नावे’ अशा दोन बाजू लिहितो. दुबईतली मोठी कंपनीही तेच करते, फक्त कॉम्प्युटरवर! ही द्विनोंदी पद्धत इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापील पुस्तकात मांडली. व्याकरण एकच आहे, म्हणून इथे शिकलेलं तिथे उपयोगी पडतं.

आपल्याकडे या क्षेत्रातल्या मुख्य परीक्षा तीन : चार्टर्ड अकाउंटंट (सी.ए.), कंपनी सेक्रेटरी (सी.एस.) आणि कॉस्ट अकाउंटंट (सी.एम.ए.). सी.ए.ची संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट आणि शेवटी फायनल. मधे दोन वर्षं अनुभवी सी.ए.च्या हाताखाली काम करायचं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की पास. ऐकायला सोपं वाटतं ना? पण भल्याभल्यांना दोन-तीनदा बसावं लागतं, बरं का! पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. तेव्हा मराठी शाळेतल्या मुलांनी आठवीपासूनच इंग्रजी वाचनाची सवय लावावी. घाबरू मात्र नये.

आर्टिकलशिप परभणीतल्या ऑफिसातही करता येते. तिथे जिनिंग, पतसंस्था, बी-बियाणांचं दुकान असे नाना तऱ्हेचे हिशेब एकाच टेबलावर येतात. मोठ्या शहरात कंपन्या मोठ्या, पण कधी कधी वर्षभर एकच काम वाट्याला येतं.

आता परदेशाकडे वळू. तिथली कामं दोन प्रकारची. पहिलं, कंपनीत बसून हिशेब, अंदाजपत्रक, खर्चाचा ताळमेळ पाहणं. यासाठी आपली पात्रता आणि अनुभव पाहून मालक नोकरी देऊ शकतो. दुसरं, ऑडिट करून अहवालावर सही करणं. ही सही त्या त्या देशाच्या कायद्यावर चालते. त्यासाठी तिथला परवाना लागतो. अमेरिकेत तर तो प्रत्येक राज्य वेगळा देतं! इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांतल्या संस्थांशी आपल्या सी.ए. संस्थेने करार केले आहेत. त्यामुळे आपल्या सी.ए.ला तिथल्या सगळ्या परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागत नाहीत. सी.एस.चं थोडं अवघड. त्याचा अभ्यास भारतीय कंपनी कायद्यावर उभा असतो, म्हणून परदेशी तिथला कायदा नव्याने शिकावा लागतो.

आखातातलं उदाहरण पाहा. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागू झाला आणि जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर कर आला. कर आला की चोख वह्या आल्या, आणि वह्या आल्या की हिशेबनीस आला! आपल्याकडे जी.एस.टी. १ जुलै २०१७ ला, म्हणजे सहाच महिने आधी आला होता. इथे तो शिकलेल्यांना तिथला व्हॅट समजायला जड गेला नसणार.

एक गंमत सांगू? तिकडे लाख-कोटी नाहीत. आपले १०,००,००० म्हणजे त्यांचे १,०००,००० : एक मिलियन. स्वल्पविराम चुकला की हिशेबात घोटाळा!

आता आई-बाबांसाठी. परदेशात शिकायला पाठवायचं म्हणून लगेच शेत विकायची गरज नाही. आधी इथेच पात्रता मिळवता येते, आणि आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतनही मिळतं. मुलगी हुशार असेल तर तिलाही हीच वाट मोकळी आहे. एक-दोन प्रयत्न हुकले तर घरात बोलणी नकोत, ही परीक्षाच तशी आहे. ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे नोकरी लावतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे आधी विचारा. नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसा देऊ नका.

आणि मुलांनो, एक काम आजच करा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, ते पाहा. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. एका अक्षराच्या फरकाने पुढे महिनोन्‌महिने हेलपाटे पडतात. दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्ती करून घेतलेली बरी.

जमलं तर महिनाभर घरचा जमाखर्च लिहा. शेवटी शिल्लक एका रुपयाने जरी चुकली तरी ती चूक शोधून काढा. शोधताना मजा आली, तर कॉमर्स तुमच्यासाठीच आहे!